‘काय वाजवतोस?’ एवढं विचारायला हवं होतं

दुकानदार महाशय,



या पत्रात तुमचं नाव नाही, दुकानाचंही नाही. तरी तुम्हाला ओळख पटेल, कारण तुमचंच वाक्य मी इथे जसंच्या तसं लिहिणार आहे. गेल्या फेब्रुवारीत, एका शनिवारी दुपारी, पेण तालुक्यातल्या हमरापूरकडचे बाप-लेक तुमच्या मुंबईतल्या दुकानात आले होते. मुलगा एकोणीस वर्षांचा. बाप गणपतीच्या कारखान्यात आखणी करतो, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवतो. त्याच्या नखांच्या कडांना रंग असतो आणि तो धुऊन जात नाही. गेल्या सीझनचे राखून ठेवलेले पैसे त्याने कापडी पिशवीतून काढून तुमच्या काउंटरवर मोजले. त्याने तुम्हाला एकच प्रश्न विचारला: यावर सगळं वाजतं का? तुम्ही म्हणालात, “काका, याच्यावर सगळं वाजतं. डोळे झाकून घ्या.”

ज्या माणसाचं पोट डोळ्यांवर चालतं त्याला तुम्ही डोळे झाकायला सांगितलंत, आणि तुमच्यावर विश्वास ठेवून त्याने ते झाकले.

मी पेणला गिटार शिकवतो. आठवड्यातून दोन दिवस रोह्यालाही जातो. हा मुलगा माझ्याकडे चार वर्षं शिकला, तेही माझ्याच जुन्या गिटारवर. ही त्याची पहिली स्वतःची गिटार. खरेदीच्या दिवशी मी सोबत असायला हवं होतं. माझी परीक्षेची बॅच होती, म्हणून गेलो नाही, आणि ते मला अजून लागून राहिलं आहे. पण माझं न जाणं हे तुमच्या वाक्याचं समर्थन होत नाही.

तुमच्या ‘सगळं’ या शब्दाबद्दल बोलू. पेण आणि रोह्याकडे गिटारवाल्याला काय काय वाजवावं लागतं, हे तुम्ही विचारलंच नाहीत, म्हणून सांगतो. लग्नसराईत हळदीच्या ऑर्डरी असतात. त्यात आगरी-कोळी गाणी, सलग तीन-चार तास, ठेका सुटता कामा नये. मध्येच कुणीतरी ‘झिंगाट’ मागतो. गणपतीत आरत्या, मग मंडळाचा ऑर्केस्ट्रा, त्यात जुनी हिंदी गाणी, एखादी कव्वाली, एखादी लावणी. नवरात्रात गरबा. डिसेंबरात कॉलेजचं गॅदरिंग, आणि तिथे मुलांना रॉक हवं असतं, तेही जोरात. अधूनमधून भजनी मंडळाचा कार्यक्रम, तिथे गिटारने मागे बसून हळू वाजायचं. हे सगळं एकच मुलगा वाजवतो, एकाच गिटारवर, कारण दुसरी घ्यायला पैसे नाहीत. आमच्याकडे ‘सगळं’ म्हणजे हे.

तुम्ही त्याच्या हातात दिलीत ती काळी, टोकदार शिंगांची, मेटल वाजवणाऱ्यांची गिटार. दोन्ही पिकअप जाडजूड हंबकर, म्हणजे दोन गुंडाळ्यांचे, चढ्या आवाजाचे, त्यातली एक गुंडाळी बंद करायची सोय नाही. वर तरंगता लॉकिंग ब्रिज. तुम्ही आवाज दाखवलात तो दुकानातल्या मोठ्या अॅम्पवर, डिस्टॉर्शन पूर्ण उघडून. अशा आवाजात कुठलीही गिटार थोर वाटते. स्वच्छ, साधा आवाज तुम्ही त्याला एकदाही ऐकवला नाहीत. ऐकवला असता तर आखणीवाल्या बापालाही कळलं असतं.

मे महिन्यात रोह्याच्या अलीकडच्या एका गावात हळद होती. मीही गेलो होतो, मुलाची पहिली मोठी सुपारी म्हणून. मांडवात जागा इतकी कमी की ऑक्टोपॅडवाल्याचं कोपर कीबोर्डवाल्याला लागत होतं. साडेअकराच्या सुमाराला गाणं रंगात आलं, बायका फेर धरून नाचत होत्या, आणि मुलाची तिसरी तार तुटली. स्थिर ब्रिजच्या गिटारवर तार तुटली तर उरलेल्या पाच तारांवर गाणं निभावता येतं. तुमच्या गिटारवर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तरंगता ब्रिज एका बाजूने तारांच्या ताणावर आणि दुसऱ्या बाजूने मागच्या खोबणीतल्या स्प्रिंगांवर तोललेला असतो. एक तार गेली की तोल जातो, स्प्रिंगा ब्रिजला मागे ओढतात आणि उरलेल्या पाचही तारा एकदम चढतात. मुलाने पुढचा कॉर्ड धरला आणि सगळं बेसूर निघालं. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, त्याचीच बोटं चुकली.

नवीन तार लावायची तर तारेच्या शेवटची गोळी कापायची, तार सॅडलमध्ये स्क्रूने आवळायची, वरच्या बाजूचं लॉक उघडायचं, सूर लावायचा, एक तार लावली की दुसरी उतरते म्हणून तीन-चार फेऱ्या करायच्या, मग पुन्हा लॉक आवळायचं. त्याला तीन मिलिमीटरची अॅलन की लागते. ती तुम्ही खोक्यात दिली नव्हती. असली तरी रात्री साडेअकरा वाजता, ढोल वाजत असताना, हे काम कोण करणार? घरात एकट्याने बसून, जवळ दुसरी गिटार असलेल्या माणसाने वापरायचं हे यंत्र आहे. मोठमोठ्या रॉक वादकांच्या हातात त्याने चमत्कार केले, हे मी मुलांना स्वतः ऐकवतो. पण मोठ्या कार्यक्रमात अशा वादकामागे दुसरी सुरात लावलेली गिटार घेऊन माणूस उभा असतो. आमच्या मुलामागे नवरीचा मामा उभा होता.

त्या रात्री गाणं सावरलं ते बेंजोवाल्या काकांनी. तुम्ही वाद्यं विकता, म्हणून या बेंजोबद्दल दोन शब्द तुम्ही ऐकायलाच हवेत. आमचा बेंजो म्हणजे अमेरिकेतला कातडं ताणलेला बँजो नव्हे. हा बुलबुलतरंग. 1912 साली जपानमध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारख्या कळा असलेलं ताइशोगोतो बनवलं, ते भारतात येऊन बुलबुलतरंग झालं आणि आमच्या पट्ट्यात त्याचं नाव बेंजो पडलं. आमच्या लोकांनी त्याला पिकअप बसवला, अॅम्पला जोडलं आणि त्याच्यावर हळद, आरती, लावणी, सिनेमाची गाणी सगळं काढलं. दिसायला एक पेटी आणि तिच्यावर कळांची रांग, बस. काका ते मांडीवर घेऊन बसतात. वीस वर्षांत त्यांच्या वाद्याने त्यांना मांडवात तोंडघशी पाडलेलं नाही. सगळं वाजणारं वाद्य म्हणजे काय, हे तुमच्या दुकानातल्या कुठल्याही गिटारपेक्षा त्या पेटीकडे बघून लवकर कळतं. वाजवणाऱ्याच्या कामाला ती नेमकी बसलेली आहे आणि वेळेला दगा देत नाही.

आता आवाजाकडे येऊ. तार तुटली नसती तरी त्या रात्री तुमची गिटार कुणाला ऐकूच येत नव्हती. दोन कीबोर्ड, बेंजो आणि ऑक्टोपॅड यांनी मधला सगळा आवाज भरून टाकलेला असतो. चढ्या आवाजाचा जाड हंबकर त्याच गर्दीत घुसतो आणि बुडतो. तिथे एकेरी गुंडाळीच्या पिकअपची बारीक, कडक धार लागते, म्हणजे तालाचे छोटे फटके गर्दीतून वर येतात. मुलगा आवाज वाढवत गेला, साउंडवाला कमी करत गेला. चार वर्षांत कमावलेला त्याचा उजवा हात त्या मांडवात कुणी ऐकला नाही.

तुम्ही म्हणाल, एकेरी पिकअपला जनरेटरवर गूं-गूं येते, म्हणून आम्ही हंबकर दिला. आक्षेप खरा आहे आणि मी तो मानतो. मंडपात जनरेटर, डिमर, दिव्यांच्या माळा, कधी अर्थिंगचा पत्ता नाही. एकेरी गुंडाळी विजेच्या तारांमधली पन्नास हर्ट्झची घरघर उचलते. म्हणूनच गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी 1955 साली दोन गुंडाळ्यांचा पिकअप तयार केला. एकीचं चुंबक आणि वेढे दुसरीच्या उलट असले की घरघर एकमेकींना खाऊन टाकते आणि तारेचा आवाज मात्र बेरजेने येतो. 1957पासून तो गिटारींवर बसू लागला. पण तेवढ्यासाठी दोन्ही जागी चढे हंबकर लागत नाहीत. ब्रिजजवळ एक हंबकर आणि मध्ये व मानेजवळ एकेक एकेरी पिकअप, अशी मांडणी बाजारात अनेक वर्षांपासून आहे. तिला सगळे एच-एस-एस म्हणतात. तिच्यात मधला पिकअप उलट गुंडाळीचा असला तर मधला आणि मानेजवळचा एकत्र लावताच घरघर जाते. म्हणजे जनरेटरवर वाजवण्याची सोय होते आणि धारही राहते. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही. तुमच्या मागच्या भिंतीवर तशा चार गिटारी टांगलेल्या होत्या, मुलाने मला त्यांचे रंगसुद्धा सांगितले.

सगळं वाजवणाऱ्या गिटारींचा इतिहास बघितला तर त्या साध्या निघतात. लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण त्यांनी वादकांना विचारलं, त्यांच्या तक्रारी ऐकल्या. 1951 साली बाजारात टेलिकास्टर या नावाने आलेली त्यांची गिटार म्हणजे लाकडाची एक फळी, दोन पिकअप आणि दोन बटणं. मूळ ती कंट्री संगीताच्या वादकांसाठी होती, पण 1969 साली आलेल्या लेड झेपलिनच्या पहिल्या अल्बममध्ये जिमी पेज यांनी बहुतेक ठिकाणी टेलिकास्टरच वाजवली आहे. 1954च्या स्ट्रॅटोकास्टरला तीन पिकअप आणि तीन जागांचं बटण होतं. वादकांना कळलं की बटण दोन जागांच्या मध्ये अडकवून ठेवलं तर आणखी दोन सुंदर आवाज निघतात. ते काडी किंवा कागद घालून बटण मध्येच अडकवत असत, आणि 1977 साली कंपनीने शेवटी पाच जागांचं बटण दिलं. वाजवणाऱ्याचं ऐकलं की वाद्य सुधारतं, एवढं या एका बटणावरून दिसतं.

आपल्याकडेही मुंबईच्या स्टुडिओत वादकांनी आठवड्यातून कितीतरी तऱ्हा वाजवल्या आहेत. भूपिंदर सिंग गायक म्हणून आपल्याला ठाऊक असतात, पण आर. डी. बर्मन यांच्याकडे त्यांनी गिटारही वाजवली. ‘कर्ज’ (1980) या चित्रपटातली ती सगळ्यांना पाठ असलेली गिटारची धून गोरख शर्मा यांची. सकाळी एक तऱ्हा आणि दुपारी दुसरी वाजवायची तर गिटारने स्वच्छ आवाजापासून खरखरीतपर्यंत एका बटणाने जायला हवं आणि सुरात राहायला हवं. आमच्या मुलालाही एवढंच हवं होतं.

मी पेणमधल्या पालकांना काय सांगतो तेही ऐका. एच-एस-एस मांडणी घ्या, पाच जागांचं बटण घ्या, ब्रिज स्थिर किंवा साधा घ्या. ब्रिजजवळच्या हंबकरची एक गुंडाळी बंद करता येत असेल तर अतिउत्तम, यामाहाच्या पॅसिफिका 112व्हीमध्ये टोनचं बटण वर ओढून ते करता येतं. स्क्वायरच्या एच-एस-एस स्ट्रॅटमध्येही हळदीपासून गॅदरिंगपर्यंत सगळं निघतं. गिटार आधी अॅम्पशिवाय वाजवून बघा, मग अॅम्पवर बिनडिस्टॉर्शनची, आणि शेवटी बाकीचं. बाराव्या फ्रेटवर तार दाबून येणारा सूर आणि तिथेच तारेला नुसतं बोट टेकवून निघणारा सूर एक आहेत का ते बघा. हे बघायला कुणी संगीततज्ज्ञ व्हावं लागत नाही. दुकानदाराने पाच मिनिटं द्यावी लागतात.

तुम्ही ती पाच मिनिटं दिली नाहीत. याचा पुरावा गिटारच देत होती. मी पहिल्यांदा तिच्या मानेच्या कडेवरून हात फिरवला तर फ्रेटची टोकं बोटाला कापत होती. तुमच्या एसी दुकानात लाकूड कोरडं होऊन आकसलं आणि फ्रेट बाहेर आले. तारा इतक्या वर होत्या की पहिल्या फ्रेटवर एफ कॉर्ड धरताना मुलाची तर्जनी पांढरी पडायची. मग जून आला. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक नसेल. चार महिने भिंती ओल्या असतात, कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. तुमच्या कोरड्या दुकानातली मान या हवेत फुगली, वाकली आणि तारा फ्रेटवर घासू लागल्या. मानेतली सळी अॅलन कीने पाव वेढा फिरवून मी ती सरळ केली. रायगडात गिटार विकताना सिलिका जेलची चार पाकिटं खोक्यात टाकणं आणि पावसाळ्यात तारा दर वेळी कोरड्या फडक्याने पुसायला सांगणं, यात दुकानदाराचं किती जातं?

त्या हळदीनंतर चार दिवसांनी मी हमरापूरला त्यांच्या घरी गेलो. बाप कारखान्यात होता, तिथेच गेलो. रांगेने मूर्ती मांडलेल्या, बऱ्याचशा अजून पांढऱ्या, डोळे कोरे. मी त्याला गिटारची पाठ उघडून स्प्रिंगा दाखवल्या आणि ब्रिज का तरंगतो ते समजावलं. त्याने ब्रश बाजूला ठेवला, खोबणीत दोन बोटं घालून मापलं, पाटांच्या तुकड्यांमधून एक तुकडा काढला, करवतीने कापला, पॉलिश पेपरवर घासला, घालून बघितला, पुन्हा घासला. तिसऱ्यांदा तो ठोकळा असा बसला की ब्रिज अडकला आणि हलेना. आता तार तुटली तरी बाकीच्या सुरात राहतात. आवाज मात्र तोच आहे, तो लाकडाने बदलत नाही.

ठोकळा बसवून झाल्यावर तो मला म्हणाला, “सर, मूर्ती न्यायला कोणी आला तर आम्ही पयलं विचारतो, मखर केवढा हाय? गाडीतून नेणार का डोक्यावरून? गाव लांब हाय का? मग मूर्ती दाखवतो. मोठी मूर्ती विकली तर पैसे जास्त मिळतात, पण दारातून आत गेली नाय तर माणूस काय करल?” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याला खरोखर समजत नव्हतं की दुकानात बसलेला माणूस न विचारता माल कसा काय देतो.

मला समजतं. ती गिटार तुमच्याकडे बरेच महिने पडून होती. काळ्या शिंगांच्या गिटारी शहरात आता कमी खपतात, आणि गावाकडून आलेला बाप मुंबईच्या दुकानात प्रश्न विचारायला बिचकतो. तुम्ही त्याचं बिचकणं ओळखलंत आणि जुना माल खपवलात. याला धंदा म्हणू नका. आमच्याकडे याला फसवणूक म्हणतात. ज्या मुलाला वर्षातून एकदाच मोठी खरेदी करता येते, त्याचं एक वर्ष तुम्ही घेतलंत. मे महिन्यानंतर त्याने दोन सुपाऱ्या नाकारल्या. आत्मविश्वास गेला होता. आता पुन्हा वाजवू लागला आहे, माझ्या जुन्या गिटारवर.

गणपती महिन्याभरावर आले आहेत. बापाला या दिवसांत रात्री दोनपर्यंत आखणी असते, तरी त्याने एक शनिवार मोकळा काढला आहे. येत्या शनिवारी पहाटेच्या गाडीने आम्ही तिघं पेणहून निघतोय. तुमची पावती, गिटार, खोकं आणि तो लाकडी ठोकळा सोबत आणतो. गिटारला एक ओरखडाही नाही, मुलाने ती जपून वापरली आहे. भिंतीवरच्या त्या चार एच-एस-एस गिटारींपैकी एक काढून ठेवा, फ्रेटची टोकं घासून, तारा खाली घेऊन, सूर लावून. किमतीत फरक निघाला तर तो आम्ही रोख देऊ.

आपला,
पेणमधला एक गिटार शिकवणारा